जनरलसाहेबांचं हळदीकुंकू

अमेरिकेच्या सातव्या अध्यक्षांनी मला बरीच वर्षं पोसलं. त्यांचं नाव मी इथे घेणार नाही. इतकी वर्षं त्यांच्याबरोबर काढल्यावर नाव घ्यायचं म्हणजे उखाणा आला, आणि तो मला सुचत नाही. फारच उत्सुकता असेल त्यांनी वीस डॉलरची नोट काढून बघावी. विस्कटलेल्या केसांचा, आत्ताच कुणाशी तरी वाजवून आल्यासारखा दिसणारा गृहस्थ आहे ना, तेच ते. आधी लढाया गाजवून मग अध्यक्ष झाले, म्हणून बसमध्ये आम्ही त्यांना जनरलसाहेब म्हणायचो.

बस कसली ते सांगते. मी जर्सी सिटीहून निघणाऱ्या मराठी टूरची गाईड होते. दोन दिवसांत वॉशिंग्टन, नाश्त्याला पोहे, जेवण शाकाहारी, निवेदन संपूर्ण मराठीतून. गिऱ्हाईक म्हणजे इथल्या मुलांचे आईबाबा. सहा महिन्यांच्या व्हिसावर येतात, मुलं-सुना सकाळी ट्रेन पकडून मॅनहॅटनला गेली की नदीकाठच्या बाकांवर बसतात आणि एकमेकांच्या सुनांची माहिती गोळा करतात. एखाद्या शनिवारी मुलं त्यांना आमच्या बसमध्ये बसवून देतात. आईबाबांना वॉशिंग्टन दिसतं आणि मुलांना दोन दिवस झोप मिळते.

गाईडचं काम म्हणजे इतिहास सांगणं, असं बाहेरच्या लोकांना वाटतं. खरं काम तीन गोष्टींचं असतं: बाथरूम, चहा आणि पुढची सीट. यातून वेळ उरला तर इतिहास. तो सांगायलाही अध्यक्ष निवडून घ्यावा लागतो. पहिल्या अध्यक्षांबद्दल बोलायला लागलं की अर्धी बस झोपते, कारण सद्गुणी माणसात ऐकण्यासारखं काही नसतं. गुलामगिरी संपवणारे सगळ्यांना शाळेतच पाठ झालेले असतात आणि काका लोक मलाच दुरुस्त करतात. जनरलसाहेबांनी मात्र माझी बस कधी झोपू दिली नाही. त्यांच्या कारकिर्दीत राज्यकारभार होता, पण तो भाऊबंदकीच्या फटीतून दिसे. आणि भाऊबंदकी आपल्या माणसांना समजावून सांगावी लागत नाही.

त्यांच्या शपथविधीपासूनच घ्या. आपला माणूस निवडून आला म्हणून गावोगावचे लोक व्हाइट हाउसमध्ये घुसले. चिखलाच्या बुटांनी रेशमी खुर्च्यांवर चढले, काचसामान फोडलं, आणि गर्दीत चेंगरायची वेळ आली तेव्हा नव्या अध्यक्षांना आडवाटेने बाहेर काढून हॉटेलात पोचवावं लागलं. लोक काही हलेनात. शेवटी कुणीतरी डोकं चालवलं आणि पेयांची पिंपं उचलून हिरवळीवर नेऊन ठेवली. घर रिकामं झालं. हे वाचलं तेव्हाच मला कळलं की या माणसाकडून शिकण्यासारखं आहे. स्मरणवस्तूंच्या दुकानात आमची मंडळी फ्रिजवर लावायचे चुंबक निवडत तासन्‌तास रेंगाळायची. मी ओरडणं सोडून दिलं आणि बसच्या दाराशी चहाचा थर्मास उघडून ठेवायला लागले. वास गेला की दुकान रिकामं.

पुढच्या सीटचा तोडगाही त्यांचाच. सरकारी खुर्ची कुणाच्या बापाची नाही, ती फिरती असावी, असं त्यांनी ठणकावून सांगितलं होतं. मग जुन्या लोकांना उठवलं आणि खुर्च्या दिल्या आपल्याच माणसांना, ते सोडा. मी मात्र फिरती म्हणजे खरोखर फिरती ठेवली. प्रत्येक मोठ्या मुक्कामानंतर बसमधली डावी बाजू पुढे सरकायची आणि उजवी मागे, म्हणजे सगळी बस गोल फिरायची आणि शेजारी बदलायचे. यावरून मला धमक्या आल्या, लाडू आले, एका काकांनी तर त्यांच्या भाच्याच्या ओळखीचा कुणी सिनेटर सांगितला. मी बधले नाही. माझ्या हातात सत्ता म्हणून तेवढीच होती.

आता त्या मे महिन्यातल्या टूरबद्दल. करोनानंतर विमानं सुरळीत झाली होती आणि बस गच्च भरलेली होती. पाटणकर काका-काकू माझ्या ओळखीचे होते. काका नागपूरचे, राष्ट्रीयीकृत बँकेतून मॅनेजर म्हणून निवृत्त झालेले. काकू म्हणजे नदीकाठच्या बाकांच्या अनभिषिक्त अध्यक्षा. निघतानाच त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की जोगळेकरांच्या जवळ आम्हाला बसवू नका. लगेच जोगळेकर काका आले, पुण्याचे, उंच, नीटनेटके, आणि म्हणाले की आमच्या मिसेसना जरा पाटणकरवहिनींच्या आसपास जागा द्या, त्यांच्या ओळखी व्हायच्या आहेत. मिसेस मागे उभ्या होत्या. शैलाताई, साठीच्या पुढच्या, सुती साडी, पायात नवे कोरे स्पोर्ट्स शूज. दोघांनाही मी नियम सांगितला आणि ज्याला जी जागा आली तिथे बसवलं. पाटणकर पुढे आले, जोगळेकर मागे गेले. असले रुसवेफुगवे रोजचे, म्हणून मी खोलात गेले नाही.

टर्नपाइकच्या महामार्गाला लागल्यावर मी माइक घेतला. आधी बँकेचं भांडण सांगितलं. देशात एक मोठी मध्यवर्ती बँक होती. जनरलसाहेबांना ती श्रीमंतांची बटीक वाटायची, म्हणून त्यांनी तिची मुदत वाढवायला नकार दिला आणि सरकारचे पैसे काढून आपल्या मर्जीतल्या बँकांत ठेवायला सांगितलं. खजिन्याचा मंत्री ऐकेना म्हणून त्याला हलवलं, नवा आणला, तोही ऐकेना, त्यालाही काढलं, आणि तिसऱ्याकडून काम करून घेतलं. पाटणकर काका भडकले. जणू त्यांचीच शाखा बंद झाली होती. असं एकट्या माणसाच्या लहरीवर डिपॉझिट काढता येत नाही, प्रोसीजर असते, असं ते मला मॅरिलँडपर्यंत समजावत राहिले. माझ्यासाठी ही उत्तम सुरुवात होती.

मग मी माझा हुकमाचा एक्का काढला. तो भाग मी नेहमी असाच सांगायचे: जनरलसाहेबांच्या मंत्रिमंडळात युद्धखात्याचे एक मंत्री होते. त्यांची बायको खाणावळवाल्याची मुलगी, देखणी, आणि पुरुषांशी मोकळेपणाने बोलणारी. पहिला नवरा दर्यावर गेला तो तिकडेच वारला, आणि तिने लगेच, म्हणजे बायकांच्या हिशोबाने फारच लगेच, मंत्र्यांशी दुसरं लग्न केलं. झालं. उपाध्यक्षांच्या बायकोपासून सगळ्या मंत्रीणबाईंनी ठरवलं की हिच्या घरी जायचं नाही आणि हिला हळदीकुंकवाला बोलवायचं नाही. तिकडे ते कार्ड ठेवून भेटी देणं वगैरे असायचं, पण अर्थ तोच. जनरलसाहेबांच्या स्वतःच्या बायकोलाही लग्नावरून लोकांनी असंच छळलं होतं आणि ती नुकतीच गेली होती, त्यामुळे म्हातारा पेटला. देशाचं सगळं काम बाजूला ठेवून मंत्रिमंडळाची बैठक बोलावली, विषय एकच, या बाईचं चारित्र्य स्वच्छ आहे. स्वतःच्या घरातली भाची ऐकेना तर तिला परत गावी धाडलं. तरी एकही बाई हळदीकुंकवाला बोलवायला तयार झाली नाही. शेवटी जवळजवळ अख्खं मंत्रिमंडळ राजीनामे देऊन घरी गेलं. फायदा झाला तो एका विधुर मंत्र्याचा. त्याला अडवायला घरी बायको नव्हती म्हणून तो बिनधास्त त्या बाईंकडे चहाला जायचा, आणि पुढचा अध्यक्ष तोच झाला.

इथे बस खो खो हसते. दरवेळी हसते. त्या दिवशी कुणीच हसलं नाही. पुढच्या रांगांमधल्या बायका खिडकीबाहेर बघायला लागल्या, आणि बाहेर तर नुसती गोदामं होती. मागून जोगळेकर काका उठून उभे राहिले. पुढच्या सीटच्या पाठीला धरून, चालत्या बसमध्ये, आवाज चढवून म्हणाले की मॅडमना बोलायचं ते बोलल्या, आता मीही सांगतो, शैला अत्यंत सुसंस्कृत बाई आहे, सांगलीच्या शाळेत मुख्याध्यापिका होती, आणि आम्ही रीतसर लग्न केलेलं आहे. शैलाताई त्यांचा शर्ट धरून खाली ओढत होत्या. काका बसेनात. मी ड्रायव्हरला पुढच्याच थांब्यावर गाडी घ्यायला सांगितली.

थांब्यावर पाटणकर काकूंनी मला गाठलं. "मॅडम, हे तुम्हाला कुणी सांगायला सांगितलं? जोगळेकरांनी ना?" मी शपथेवर सांगितलं की ही गोष्ट मी कित्येक वर्षं सांगते. त्यांचा विश्वास बसला नाही, पण त्यांच्या बोलण्यातून मला सगळं उमगलं. जोगळेकर काका आधी दर उन्हाळ्याला पहिल्या बायकोबरोबर यायचे. विजूताई. त्या आणि पाटणकर काकू एकाच बाकावर बसायच्या. आधीच्या हिवाळ्यात विजूताई गेल्या आणि वर्ष पुरं व्हायच्या आत काका शैलाताईंशी लग्न करून हजर झाले. काकूंनी त्यांच्या इमारतीच्या पार्टी रूममध्ये चैत्रातलं हळदीकुंकू केलं, आंब्याची डाळ, पन्हं, सगळ्या बाकांना बोलावणं. शैलाताई सोडून. नेमकी माझी गोष्ट, लगेच केलेल्या लग्नासकट.

बाथरूमच्या रांगेत शैलाताई माझ्यामागे उभ्या होत्या. त्या रागावतील म्हणून मी आधीच माफी मागितली. त्या रागावल्या नव्हत्या. म्हणाल्या की ही टूर ह्यांनी मुद्दाम बुक केली, या बायकांशी ओळख होईल म्हणून. "मी ह्यांना सांगून टाकलंय. या ट्रिपमध्ये काही फरक पडला नाही तर मी तिकीट प्रीपोन करून सांगलीला जाणार. माझा फ्लॅट आहे तिथे. ह्यांना राहायचंय तर राहू देत मुलाकडे." मग विचारलं, "त्या बैठकीला ती बाई स्वतः होती का?" मी म्हटलं, नव्हती, तिला कुणी बोलावलं नव्हतं. "वाटलंच मला," त्या म्हणाल्या. "ह्यांनाही जरा गप्प बसवा. ह्यांनी माझी बाजू घेतली की मला जास्त लाज वाटते."

मला वाईट वाटलं. इतकी वर्षं मी त्या वाळीत टाकलेल्या मंत्रीणबाईंवर टाळ्या घेत होते, पण त्यांना काय वाटलं असेल याचं कुतूहल माझ्या एकाही प्रवाशाला झालं नव्हतं. आणि मलाही नाही.

दुपारी व्हाइट हाउससमोरच्या चौकात पोचलो. तिथे जनरलसाहेबांचा पुतळा आहे, दोन पायांवर उभा राहिलेला घोडा आणि हातात उचललेली टोपी. इथे मी विनोद बंद करते. ती गोष्ट चिवडा खात ऐकायची नाही, म्हणून ती उभ्यानेच सांगायची असा माझा नियम. दक्षिणेत मूळ रहिवाशांच्या जमाती होत्या, घरं, शेतं, शाळा असलेली माणसं. गोऱ्या लोकांना जमीन हवी होती. जनरलसाहेबांनी कायदा करून घेतला आणि त्यांना मोठ्या नदीपलीकडे हाकलण्याचं धोरण सुरू केलं. माणसं थंडीत, आजारी, अर्धपोटी चालत गेली आणि वाटेत हजारो मेली. ज्या सामान्य माणसाच्या नावाने हे राज्य चाललं होतं त्यात ती माणसं धरलेलीच नव्हती. साहेबांच्या स्वतःच्या मळ्यावर राबणारेही गुलामच.

बरेच जण फोटोसाठी जागा शोधत होते. पाटणकर काकू मात्र पुतळ्याकडे बघत उभ्या राहिल्या. "एका बाईच्या मानापानासाठी सरकार घालवलं, आणि एवढ्यांना घराबाहेर काढताना ह्याला काही वाटलं नाही?"

मी म्हटलं, नाही वाटलं. माणूस कुठे हळवा आणि कुठे दगड असेल, ते तो स्वतःच्या सोयीने ठरवतो. काकू काहीतरी बोलणार होत्या, पण काकांनी मध्येच बँकेचा विषय काढला. शैलाताई थोड्या अंतरावर होत्या. त्यांनी ऐकलं असावं, कारण त्या काकूंकडे बघत होत्या.

दुसऱ्या दिवशी परतीला निघताना बस फिरली. डावीकडचे पुढे, उजवीकडचे मागे, आणि पाटणकर-जोगळेकर बरोबर समोरासमोर आले, मध्ये फक्त चालण्याची वाट. काकूंनी माझ्याकडे असं बघितलं की दुसरी कुणी असती तर नियम मोडला असता. त्यांचे गुडघे दुखतात म्हणून त्या वाटेकडेला, आणि जोगळेकर काकांना झोपायला खिडकी लागते म्हणून शैलाताईही वाटेकडेला. मागे अंताक्षरी सुरू होती. डेलावेअरमध्ये कुठेतरी काकूंनी नारळाच्या वड्यांचा डबा उघडला आणि तो पुढून मागे फिरायला लागला. शैलाताईंच्या पुढ्यातून गेला आणि त्यांच्या मागच्या रांगेत पोचला. मी पाण्याच्या बाटल्या वाटत नेमकी तिथेच उभी होते.

शैलाताई काकूंकडे वळल्या. आवाज वर्गात बोलणाऱ्या बाईचा, शांत आणि स्पष्ट.

"वहिनी, एक विचारते. बरीच वर्षं मला नवरा नव्हता. तेव्हा मला हळदीकुंकवाला कुणी बोलवायचं नाही. ते मी समजून घेतलं. आता नवरा आहे, तरी बोलावणं नाही. मग नेमकं काय असायला हवं, तेवढं सांगा."

काकूंच्या हातात डब्याचं झाकण होतं. त्या झाकणाकडे बघत राहिल्या. मला वाटलं आता भांडण होणार.

"विजू असायला हवी होती," त्या म्हणाल्या.

त्यांच्या आवाजात रागाचा अंशही नव्हता. मग त्या थांबेनात. विजूताई आजारी पडल्या तेव्हा काकू इथे अडकलेल्या, शेवटचं बोलणं फोनवर, तेही नेटवर्क तुटत तुटत. तिच्यासाठी रडायला इथे कुणी नव्हतं. आणि मग एक दिवस जोगळेकर त्याच बाकाकडे दुसऱ्या बाईला घेऊन आले आणि म्हणाले, ही शैला, हिला तुमच्यात घ्या. "मी कुठे घेऊ?" काकू म्हणाल्या. "तिची जागा अजून मी रिकामी केलेली नाही."

"मला ती नकोच आहे," शैलाताई म्हणाल्या. "पण मला त्या कशा होत्या तेही माहीत नाही. घरात कुणी त्यांचं नावच काढत नाही. मी येणार म्हणून ह्यांच्या मुलाने, निनादने, हॉलमधला त्यांचा फोटोसुद्धा काढून ठेवला. मी कधी काढायला सांगितलं? मी काही विचारलं की दोघं बापलेक टीव्हीचा आवाज वाढवतात." त्यांचे डोळे भरले होते. "कशा होत्या त्या?"

काकूंनी नाक पुसलं. "पत्त्यांत चिटिंग करायची," त्या म्हणाल्या. "उघड उघड. आणि पकडलं की रुसायची."

शैलाताई हसल्या. मी उगाच बाटल्या मोजल्यासारखं केलं. पाचच मिनिटांत काकूंनी झोपलेल्या जोगळेकर काकांना उठवून पलीकडे पाठवलं आणि स्वतः त्यांच्या जागी येऊन बसल्या. जोगळेकर काका पाटणकर काकांच्या शेजारी अडकले आणि उरलेला सगळा प्रवास त्यांनी मध्यवर्ती बँकेची बाजू ऐकली. मधूनमधून त्यांच्या कानावर पलीकडचं हसू यायचं, आपलंच नाव यायचं, ते वळून बघायचे. बोलायची सोय नव्हती. विजूताईंनी जोगळेकर काकांच्या स्वयंपाकाच्या प्रयोगांबद्दल सांगितलेलं सगळं आता शैलाताईंना कळत होतं, आणि मधूनच दोघी रुमाल शोधत होत्या.

जर्सी सिटीला पोचलो तेव्हा ऊन उतरत होतं. मुलं गाड्या घेऊन आली होती, सगळे उभ्या गाड्यांना खेटून रस्त्यातच थांबलेले, मागून हॉर्न. बॅगा उतरल्या, मंडळी पांगली. जोगळेकर काका सामान घेऊन मुलाच्या गाडीशी गेले. निनाद चाळिशीचा, कानात इअरफोन, घाईत. त्याने काच खाली करून विचारलं, "बाबा, शैलामावशी कुठेत? मला इथे पार्क नाही करता येत यार, पोलिसांचं तिकीट लागेल."

फुटपाथवर पाटणकर काकू आणि शैलाताई उभ्याच होत्या. काकू दोन्ही हातांनी काहीतरी दाखवत होत्या, आणि शैलाताई ऐकत होत्या.

"त्या तुझ्या आईबद्दल बोलतायत," जोगळेकर काका म्हणाले.

 मागून हॉर्न वाजला, मग आणखी एक. आमचा ड्रायव्हर बस काढायची खूण करत होता. त्याला मी हाताने थांब म्हटलं. निनादने कानातला इअरफोन काढला, गाडी बंद केली, भर रस्त्यात दार उघडं टाकून तो त्या दोघींपाशी गेला आणि म्हणाला, "काकू, पहिल्यापासून सांगा ना."